हलीमाचाचीचं छप्पर

"सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एका कौलालाही हात लावू नका. कळलं ना मॅडम? हात लावलात तर क्लेम नामंजूर होतो, मग मला फोन करू नका."

बँकेतल्या माणसाने फोन ठेवला. फोन लागतो त्या टेकाडावरून उतरून मी घरी आले. मी पडवीत उभी होते, आठ महिन्यांची सई कडेवर होती. समोरच्या उघड्या दारातून माजघर दिसत होतं आणि माजघरातून सरळ आभाळ. आढं मधोमध मोडून खाली आलं होतं. वासे एकावर एक आडवेतिडवे पडले होते आणि फुटलेल्या कौलांचा ढीग कपाटाच्या अर्ध्यापर्यंत चढला होता. त्या ढिगाखाली आमच्या गाद्या होत्या, सईचा पाळणा होता. वादळ आलं तेव्हा आम्ही तिघं योगायोगाने स्वयंपाकघरात होतो, म्हणून वाचलो.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचे शेवटचे दिवस. आमचं वेळशी हे खाडीच्या तोंडाशी असलेलं गाव, आणि वादळाचा डोळाच म्हणे आमच्यावरून गेला. जेमतेम दोन तास चाललं ते सगळं.

माझा नवरा हेमंत मालवाहू बोटीवर होता, कुठेतरी ब्राझीलच्या बाजूला. आठवड्यातून एकदा त्याचा फोन यायचा, पण आता टॉवरच पडला होता. फोन लावायचा तर खाडीवरच्या टेकाडावर चढायचं, आणि चार्ज करायचा तर औषधाच्या दुकानातल्या जनरेटरसमोर रांग लावायची. घरात मी, सई आणि सासरे. त्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, मीही दादाच म्हणायचे.

दादा होड्या बांधणारे सुतार. साठी उलटली होती, पण हातातली पटाशी सुटली नव्हती. कुणाला जुनी होडी विकत घ्यायची असली की आधी दादांना न्यायचे. दादा फळीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचे, कान लावायचे आणि "घ्या" किंवा "नको" एवढंच सांगायचे. त्यावर कुणी वाद घातलेला मी ऐकला नाही.

विमा आम्ही हौसेने काढलेला नव्हता. पर्यटकांसाठी मागे दोन खोल्या काढायला बँकेचं कर्ज घेतलं, तेव्हा बँकेनेच तो गळ्यात घातला होता. शेजारच्या हलीमाचाचीनेही तसंच कर्ज घेतलं होतं, तिचाही विमा होता. तिचंही छप्पर पडलं होतं.

दिवस मोजत आम्ही पडवीत राहिलो. पडवी आठ फूट रुंद. एका टोकाला दादांची खाट, दुसऱ्या टोकाला मी आणि सई, मध्ये स्टोव्ह. पहिले चार दिवस रस्ताच बंद होता. मग रस्ता झाला, तर सर्व्हेअर "आज येतील, उद्या येतील." रोज संध्याकाळी वळवाची एक सर यायची आणि माजघरात पडलेला सगळा संसार पुन्हा भिजवून जायची. गाद्यांना वास सुटला. त्या ओढून उन्हात घालाव्यात तर दादा म्हणायचे, "नको गं, त्यांनी सांगितलंय ना हात लावायचा नाही म्हणून." सईला छातीत घरघर सुरू झाली. तिचा श्वास ऐकत मी बसून असायचे.

चिपळूणहून आईचा निरोप आला, पोरीला घेऊन निघून ये. मी दादांना विचारलं.

"जा," ते म्हणाले. "पण कर्जावर सही तुझी आणि हेमंतची. सर्व्हेअर आला आणि तू नसलीस तर?"

"मग तुम्ही चला चिपळूणला. येईल तेव्हा येऊ परत."

"घर उघडं टाकून?"

त्यांचं खरं होतं. मी राहिले. सातव्या की आठव्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा विम्याचं पुस्तक काढून वाचायला बसले. बारीक अक्षरातली तेवीस पानं. अठराव्या पानावर छपराबद्दल होतं. पंधरा वर्षांहून जुनं लाकूडकाम वादळाने जरी पडलं तरी त्याची भरपाई नाही. फक्त कौलांची.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. दादा खाटेवर बसून सईला खुळखुळा वाजवून दाखवत होते.

"आपलं किती जुनं?" मी विचारलं.

"हेमंत झाला त्या साली चढवलं. चौतीस."

"मग आपल्याला लाकडाचं काहीच नाही मिळणार."

"लाकूड जुनं म्हणून नाही पडलं ते," दादा म्हणाले. "शेजारी हलीमाभाभीचं बघ की. सात वर्षं झाली त्याला. तिच्या परसातला फणस मी आणि इस्माईलने तोडला, कापून आणला, मी माझ्या हाताने चढवलं. नवंकोरं लाकूड. तेही पडलंच ना? वाराच तसा होता."

"पण तिला मिळेल. आपल्याला नाही."

"नाही तर नाही," असं म्हणून ते पुन्हा खुळखुळा वाजवायला लागले.

त्यांचं हे "नाही तर नाही" माझ्या डोक्यात बसलं. पाऊस आठवड्यावर आला होता. हेमंत सहा महिने येणार नव्हता. ह्या आठ फुटांत, ह्या घरघरणाऱ्या पोरीला घेऊन सगळा पावसाळा काढायचा, आणि तो संपल्यावरही छप्पर नाहीच.

अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सर्व्हेअर आले. पेठकर त्यांचं नाव. पन्नाशीचे, मानेभोवती ओला रुमाल, बुटांना चिखल. माणूस वाईट नव्हता. आल्याआल्या पाणी मागितलं, सईच्या छातीचा आवाज ऐकून म्हणाले, "हिला डॉक्टरकडे न्या हो." आमच्याआधी त्यांची चाळीस घरं पाहून झाली होती.

ते ढिगाऱ्यावर चढले, फोटो काढले. मग खिशातून छोटा चाकू काढून मोडलेल्या आढ्यात खुपसून पाहिला. दादा दारात उभे होते, मी त्यांच्या मागे.

"तेल लावता का ह्याला?"

"दरवर्षी," दादा म्हणाले. "काजूच्या टरफलाचं. वाळवी येत नाही."

"म्हणूनच वय कळत नाही. काळंभोर दिसतंय, पण आत टणक आहे." त्यांनी चाकू पुसला. "किती वर्षं झाली लाकूडकामाला?"

दादांनी बोलायला तोंड उघडलं. ते काय बोलणार ते मला माहीत होतं.

"सात," मी म्हणाले.

दादांची पाठ माझ्याकडे होती. ती हलली नाही.

पेठकरांनी माझ्याकडे पाहिलं. "बिल आहे? लाकडाचं, सुताराचं?"

"बिल कसलं? आमच्याच परसातला फणस होता. आणि सुतार हे स्वतःच. ह्यांनीच चढवलं." आवाज माझाच होता, पण शब्द माझे नव्हते. तीन दिवसांपूर्वी दादांनी सांगितलेली गोष्ट मी जशीच्या तशी, आमची म्हणून सांगत होते.

"काय हो?" पेठकर दादांना म्हणाले. "सात वर्षं?"

दादा वळून माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. ते वळले नाहीत. समोर आढ्याकडे बघत राहिले. सई खोकली. त्या खोकल्यानंतर क्षणभराने दादा म्हणाले, "होय."

पेठकरांनी लिहून घेतलं. मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगायचं तर, सुटलो असं वाटलं. 

"शेजारचं घर कुणाचं?" पेठकरांनी यादीत बघितलं. "हलीमा इस्माईल मुकादम. तुम्ही चला ना बरोबर. लाकडातले जाणकार दिसता."

दादांनी मान हलवली. नको म्हणाले असावेत, पण पेठकर पुढे निघाले होते. दादा त्यांच्या मागून गेले. दादांना एकटं सोडायची भीती वाटली म्हणून मीही सईला घेऊन गेले.

हलीमाचाची ओट्यावर वाटच बघत होती. पन्नास-बावन्नची असेल तेव्हा. इस्माईलचाचा जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगा दोह्याला होता. तिचं स्वयंपाकघर मधल्या खोलीला लागूनच, सगळा स्वयंपाक चुलीवर. त्यामुळे तिच्या छपराचं लाकूड धुराने काळं, खडबडीत होऊन गेलं होतं. पेठकरांनी पडलेल्या वाशावरून बोट फिरवलं आणि काजळी बघितली.

"हे किती वर्षांचं?"

"सात झाली की," चाची म्हणाली. "माझ्या परसातला फणस होता. आमच्या ह्यांनी आणि ह्या भाऊंनी तोडला. भाऊंनीच चढवलं सगळं. बिल-बिल काय नाय, साहेब. घरचंच काम."

पेठकरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी आधी चाचीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग हसले. ते हसणं कडवट नव्हतं, थकलेलं होतं.

"सात वर्षं, परसातला फणस आणि हेच सुतार. तुमच्या वेळशीत सगळ्यांचंच सात वर्षांपूर्वी झालंय का?"

चाचीला कळलं नाही. "सगळ्यांचं नाय, माझं झालं," ती म्हणाली. "भाऊ, सांगा ना साहेबांना."

पेठकर दादांकडे वळले. "एकाच वर्षी दोन छपरं चढवलीत? एकट्याने?"

मला तेव्हा कळलं मी काय केलंय ते. दादा "हो" म्हणाले तर दोन्ही घरांवर पेठकरांचा विश्वास बसणार नव्हता. "हिचं खरं, माझं नाही," असं म्हणाले तर सुनेला चारचौघांत खोटं पाडणं होतं, आणि मघाच्या स्वतःच्या "होय"लाही. आणि ती कोंडी सोडवणं एकट्या माझ्या हातात होतं. एक वाक्य बोलायचं होतं, की साहेब, मी खोटं बोलले, आमचं चौतीस वर्षांचं आहे, ह्यांचं सात. वाक्य माझ्या डोक्यात पूर्ण तयार होतं. सई माझ्या खांद्यावर डोकं टाकून घरघरत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"भाऊ?" चाची म्हणाली.

"साल…" दादांनी घसा खाकरला. "साल मला नीट आठवत नाही, साहेब."

"अवो, असं काय करता? आमचे हे होते तेव्हा! फणस तुम्ही दोघांनी…"

"फणस तोडला, होय. साल नाही आठवत."

चाचीने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आपण ताप चढलेल्या माणसाकडे बघतो. पेठकर आणखी थोडं थांबले. त्यांनी दादांना संधी दिली, हे मी आजही म्हणेन. मग पेन उघडून लिहिलं. लाकूडकाम जुनं, धुराने खराब झालेलं, वय पंधरा वर्षांहून अधिक.

परत येताना पंधरा-वीस पावलांचं अंतर. दादा पुढे, मी मागे. पडवीत आल्यावर मी म्हणाले, "दादा, मी…"

"ताडपत्री आण," ते म्हणाले. "आता हात लावायला हरकत नाही."

त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. रागावले नाहीत की चुकीचं केलंस म्हणाले नाहीत. सईला पूर्वीसारखंच खेळवायचे, माझ्या हातचं जेवायचे. मी बोलायला सुरुवात केली की उठून जायचे. दोनतीनदा असं झाल्यावर मीही सोडून दिलं. सोडून द्यायला मला सोपंच होतं.

पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. दसऱ्याच्या आसपास आमचा क्लेम पूर्ण मंजूर झाला. चाचीला फक्त कौलांचे आले. दिवाळी झाल्यावर मला वाटलं दादा आता आमच्या घराचं काम काढतील. त्यांनी आमच्या कुंपणालगतची ऐनाची दोन झाडं तोडली, ते लाकूड बैलगाडीने शेजारी नेलं आणि आधी चाचीचं छप्पर चढवायला घेतलं. दीड महिना ते रोज सकाळी जायचे आणि दिवस मावळता यायचे. आमचं छप्पर त्यानंतर झालं, विकतच्या लाकडाचं, दुसऱ्या सुताराच्या हातचं.

गावाने कौतुक केलं. शेजारणीसाठी माणूस काय करतो बघा, म्हणाले. चाचीने मात्र त्या दीड महिन्यात दादांना एक शब्द विचारला नाही. पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवून आत निघून जायची. चहा मी नेऊन द्यायचे. तिच्यासाठी दादांनी साल आठवून सांगितलं नाही, त्याचा हा राग आहे असं मी समजले, आणि तो राग बरोबरच होता.

माझ्याशी मात्र ती नेहमीसारखीच होती. उलट जास्तच मायेने वागायला लागली. ईदला सईला नवा फ्रॉक यायचा, मला तांदळाच्या भाकरी आणि कोलंबीचं कालवण. एकदा माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या वाट्याला काय आलंय ते मला ठाव हाय गो." मला वाटलं, नवरा बोटीवर असतो त्याबद्दल म्हणते आहे.

दादांनी होड्या बघायला जाणं हळूहळू बंद केलं. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "मला नका विचारू." लोकांना वाटलं वयामुळे कान गेले असतील.

असं नऊ वर्षं चाललं. समोरासमोरच्या ओट्यांवर दोघं रोज बसायचे. दादांनी सकाळी त्या बाजूला बघून मान लववायची आणि चाचीने उठून आत जायचं. मी हे रोज बघायचे. हेमंतने एकदा विचारलं, "ह्यांचं बिनसलंय का काही?" मी म्हणाले, "मला नाही माहीत."

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. सगळं गाव आलं. चाची आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराने आली, मला भेटायला. पडवीत दादांचा फोटो होता, तिकडे ती गेली नाही. स्वयंपाकघरात माझ्याजवळ पाटावर बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

तो हात मला सहन झाला नाही.

"चाची," मी म्हणाले, "तुमचं छप्पर माझ्यामुळे गेलं. त्या दिवशी सात वर्षं मी सांगितली. तुमचा फणस, तुमचं साल, सगळं मी आमचं म्हणून सांगितलं. तुमच्याकडे यायच्या आधीच. दादांना माहीतही नव्हतं मी काय बोलणार ते. मी त्यांना अडकवलं."

तिचा हात थांबला.

"तू सांगितलंस? आपल्या मनानं?"

"हो."

"त्यांनी शिकवलं नव्हतं?"

"नाही. ते खरं सांगायलाच निघाले होते. मी मध्येच बोलले."

ती चुलीकडे वळली. मग सावकाश म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी आले होते माझ्याकडे. ओट्याखाली उभे राहिले, वर नाय आले. म्हणाले, 'भाभी, सुनेच्या तोंडी ते मीच घातलं. ती नको नको म्हणत होती, मी जबरदस्ती केली. तिला कधी बोल लावू नका. लावायचा तर मला लावा.'"



"आणि मी लावला," चाची म्हणाली. "इस्माईलचा एवढा दोस्त माणूस. नऊ वर्षं रोज मान लववायचा आणि मी उठून आत जायची. माझ्या डोक्यावर छप्पर बांधत होता तेव्हा मी त्याला हातात पाणी नाय दिलं." ती माझ्याकडे वळली. "आणि तू बघत होतीस. तुझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं सगळं."

"मला नव्हतं माहीत, ते तुमच्याकडे आले होते म्हणून…"

"ते नव्हतं माहीत. बाकीचं तर माहीत होतं ना?"



ती भिंतीला धरून उठली. मागच्या दाराने जाईल असं मला वाटलं, पण ती घरातून पुढे पडवीत गेली. दादांच्या फोटोसमोर उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत राहिली. किती वेळ, ते मी पाहिलं नाही. मी आतच बसून होते. मग तिची पावलं पुढच्या दाराने ओट्यावरून खाली उतरताना ऐकू आली.

सई आता बारा वर्षांची आहे. ती शेजारी जाते, येते, ईदचा फ्रॉक घालून मिरवते. सकाळी मी ओट्यावर येते तेव्हा चाची समोर बसलेली असते. मी मान लववते. ती उठून आत जाते.